आमचे विरोधी पक्षनेते

२०२४च्या निवडणुकीनंतर महाराष्ट्राच्या विधानसभेत विरोधी पक्षनेत्याची खुर्ची रिकामी राहिली. त्या पदासाठी प्रथेप्रमाणे २८८च्या एक दशांश, म्हणजे २९ आमदार लागतात आणि विरोधकांतल्या सर्वांत मोठ्या पक्षाकडे होते वीस. अंधेरी पूर्वेला, महाकाली केव्हज रोडवरच्या आमच्या सोसायटीला मात्र ही अडचण कधीच आली नाही. आमच्याकडे नाना आहेत. त्यांच्यामागे एकही आमदार नाही, पण पद अबाधित आहे. सरकार कुणाचंही येवो, नाना विरोधात.

नाना बँकेतून निवृत्त झाले त्याला बरीच वर्षं झाली. सकाळी सातला ते दूध आणायला खाली उतरतात. डेअरी समोरच आहे, पण वाटेत वॉचमन लागतो. वॉचमन जौनपूरचा. जौनपुरात कोण निवडून येणार हे नाना त्याला रोज मुंबईच्या हिंदीत समजावून सांगतात. तोही "जी साब, जी साब" करत ऐकून घेतो, कारण गावी जायच्या रजेवर सही नानांची लागते. मग पेपरवाला, मग इस्त्रीवाला, मग मी. दूध घरी पोहोचेपर्यंत साडेआठ होतात. मे महिन्यात ते कधीमधी नासतंही. तेव्हा काकू फक्त एवढंच विचारतात, "आज काय, मंत्रिमंडळ विस्तार होता वाटतं?"

नानांनी पहिलं मत दिलं १९७७ साली. आणीबाणीनंतरच्या त्या निवडणुकीत वायव्य मुंबईतून राम जेठमलानींनी केंद्रीय कायदामंत्री ह. रा. गोखले यांना हरवलं. हे काम आपण एकट्याने केलं, असं नाना आजही सांगतात. तेव्हापासून त्यांनी एकही मतदान चुकवलेलं नाही. मात्र त्यानंतर मत कुणाला दिलं हे काकूंनाही सांगितलेलं नाही. जगातल्या यच्चयावत विषयांवर उघड बोलणारा हा माणूस तेवढ्या एका बाबतीत बँकेच्या लॉकरसारखा बंद.

त्यांच्या मते लोकशाहीत मतदाराला मत असतं पाच वर्षांतून एकदा. मधल्या काळात त्याच्या हातात काय? तर शिव्या. नानांच्या शिव्या पांढरपेशा. 'लेकाचा'पासून सुरू होतात आणि फार तर 'नालायक'पर्यंत चढतात. पण त्या द्यायला ठरलेला माणूस लागतो, ठरलेल्या जागी. घोळ सुरू झाला तो इथेच.

"पूर्वी कसं सोपं होतं!" ते म्हणतात. "काँग्रेसवाला काँग्रेसमध्येच म्हातारा व्हायचा. समाजवादी फुटायचे, पण फुटून पुन्हा समाजवादीच राहायचे. एकदा ठरवलं याला शिव्या द्यायच्या, की पुढची पंचवीस वर्षं बघायला नको."

"आणि १९७८? शरद पवारांचं पुलोद?" मी काडी टाकतो.

"अरे, तेव्हा एक जण करायचा आणि महाराष्ट्र वर्षभर चघळायचा. आता चघळायला तोंड उघडावं तोवर दुसरा गेलेला असतो!"

या धांदलीवर उपाय म्हणून त्यांनी एक डायरी घातली आहे. बँकेचीच, जुनी, रेक्झिनच्या कव्हरची. डाव्या रकान्यात पुढाऱ्यांची नावं, शाईने. उजव्या रकान्यात पक्ष, पेन्सिलीने. डायरीच्या खोबणीत खोडरबर. २०२२च्या जूनमध्ये शिवसेनेचे आमदार सुरतेला गेले, तिथून गुवाहाटीला, तिथून गोव्याला. नाना रोज संध्याकाळी सातच्या बातम्या लावून खोडत बसत. पुढच्या वर्षी २ जुलैला अजित पवार सरकारात गेले, तेव्हा नवा खोडरबर आणावा लागला. एका आमदाराच्या नावापुढे तर खोडून खोडून कागदाला भोक पडलंय. त्या भोकातून मागच्या पानावरचं विजेच्या बिलाचं टिपण दिसतं. कुणाचं नाव, ते नाना सांगत नाहीत. "माणूस अजून कार्यरत आहे," म्हणतात.

नानांचे अंदाज हा वेगळा विषय. ते कधीही चुकत नाहीत. २३ नोव्हेंबर २०१९चा शनिवार मला स्वच्छ आठवतो. सकाळच्या पेपरांत मुख्यमंत्री म्हणून उद्धव ठाकरे यांच्या नावावर शिवसेना, राष्ट्रवादी आणि काँग्रेस या तिन्ही पक्षांचं एकमत झाल्याची बातमी होती. नाना ती गेटपाशी खड्या आवाजात वाचत होते आणि "मी महिनाभर काय सांगत होतो?" इथवर आले होते, तोच तिसऱ्या मजल्यावरच्या मुलाने मोबाइल त्यांच्यापुढे धरला. राजभवनात देवेंद्र फडणवीस आणि अजित पवार शपथ घेऊन मोकळे झाले होते. नानांनी चष्मा वर केला, खाली केला. पेपराची घडी घातली. म्हणाले, "हेच! हेच मला आतल्या गोटातून कळलं होतं." चौथ्या दिवशी ते सरकार गेलं आणि २८ तारखेला शिवाजी पार्कवर उद्धव ठाकरेंनी शपथ घेतली, तेव्हाही आतल्या गोटाला ते आधीच माहीत होतं. हा आतला गोट म्हणजे नानांचा बँकेतला जुना सहकारी, ज्याच्या साडूचा मुलगा मंत्रालयासमोर झेरॉक्सचं दुकान चालवतो.

नानांना मनापासून दुखावलं ते आमच्याच मतदारसंघाने. २०२२च्या ऑक्टोबरात निवडणूक आयोगाने शिवसेनेचा धनुष्यबाण गोठवला आणि अंधेरी पूर्वच्या पोटनिवडणुकीत ऋतुजा लटके मशाल घेऊन उभ्या राहिल्या. भाजपने उमेदवार मागे घेतला. ३ नोव्हेंबरला मतदान झालं आणि निकालात दुसरा नंबर लागला तो 'नोटा'चा. मतं १२,८०६.

नाना दोन दिवस खाली उतरले नाहीत. तिसऱ्या दिवशी आले ते तावातावाने. "नोटा म्हणजे काय? नाव न घेता दिलेली शिवी! पाठीमागून कागदाचा बोळा मारून पळणाऱ्या पोरांचं काम. अरे, शिवी द्यायची तर नाव घेऊन द्या. समोरच्याला कळली तरी पाहिजे!"

या पोटनिवडणुकीनंतर चारच दिवसांनी, ७ नोव्हेंबरला, अंधेरीचा गोखले पूल वाहतुकीला बंद झाला. मग त्याचं पाडकाम. पूर्व-पश्चिम जायला तासतास लागू लागला, तेव्हा नानांनी अंधेरीच्या इतिहासाचा सारांश एका वाक्यात मांडला: "एका गोखल्यांना १९७७ साली मी पाडलं, दुसऱ्या गोखल्यांचा पूल यांनी पाडला." नव्या पुलाची एक बाजू २०२४च्या फेब्रुवारीत उघडली, आणि तो शेजारच्या बर्फीवाला पुलाशी जुळतच नाही असं दिसलं. उंचीच वेगळी! व्हीजेटीआयच्या तज्ज्ञांना विचारून, खालून जॅक लावून बर्फीवाला पूल उचलावा लागला. सगळी अंधेरी चिडली. नाना एकटे खूश. पुढचे कित्येक दिवस ते ऐकवत होते, "यात नवीन काय? दोन टोकं जुळत नाहीत, मग खालून जॅक लावून एकाला वर उचलायचं. आपल्याकडे सगळ्या आघाड्या आणि युत्या अशाच बांधतात."

मग आली लोकसभा. आमच्या वायव्य मुंबईत एका शिवसेनेचे अमोल कीर्तिकर, दुसऱ्या शिवसेनेचे रवींद्र वायकर; अमोल यांचे वडील गजानन कीर्तिकर मावळते खासदार, तेही दुसऱ्या शिवसेनेत. वायकर मार्चपर्यंत पहिल्या शिवसेनेत होते. या एका लढतीपायी नानांच्या डायरीचं अख्खं पान रबराच्या चुऱ्याने भरलं. ४ जूनला यंत्रांवरच्या मतांत कीर्तिकर एका मताने पुढे होते. टपाली मतं मिळवल्यावर वायकर जिंकले. फरक ४८ मतांचा.

अठ्ठेचाळीस! दुसऱ्या दिवशी नानांनी नोटीस बोर्डावर मतदार यादी लावली. २० मेच्या सोमवारी जे शनिवार-रविवारला जोडून अलिबागला, नाहीतर आंब्यांसाठी गावी गेले होते, त्यांच्या नावांपुढे लाल फुली. "देशाच्या संसदेचा निकाल या जिन्यात लागला असता," ते प्रत्येकाला अडवून सांगत. गंमत अशी, की कीर्तिकरवाले आणि वायकरवाले दोघांनाही ते सारखंच झापत. पहिल्या मजल्यावरचे गृहस्थ शेवटी वैतागले. "नाना, माझं मत विजयी उमेदवारालाच जाणार होतं. मी गेलो नाही म्हणून काय बिघडलं?"

"फरक एकोणपन्नास झाला असता ना!" नाना ओरडले.

महापालिकेचं प्रकरण आणखी निराळं. मार्च २०२२मध्ये नगरसेवकांची मुदत संपली आणि नवी निवडणूक झाली थेट जानेवारी २०२६मध्ये. चार वर्षं गटार तुंबलं की शिवी द्यायची कुणाला? प्रशासकाला? प्रशासक म्हणजे आयएएस अधिकारी. तो पक्ष बदलत नाही, दारात हात जोडून येत नाही, त्याचा बॅनर लागत नाही. नाना त्या काळात खरोखर वाळले. त्यातच २०२५च्या ५ जुलैला वरळीत उद्धव आणि राज ठाकरे एका व्यासपीठावर आले. दोन भावांपैकी कोण बरोबर, या विषयावर नानांनी वीस वर्षं जमवलेला युक्तिवादाचा साठा एका दुपारीत रद्दीत गेला.

म्हणून २०२६च्या जानेवारीत प्रचार सुरू झाला तेव्हा नाना पुन्हा टवटवीत झाले. एका रविवारी उमेदवार जिना चढून आला. मागे ढोल, पुढे मोबाइलवर चित्रण करणारा पोरगा. काकूंनी दार उघडलं आणि पहिलाच प्रश्न टाकला, "पाणी पहाटे साडेचारला येतं आणि चौथ्या मजल्यावर चढतच नाही. काय करणार?" उमेदवार उत्तर देणार, तोवर नाना डायरी घेऊन बाहेर आले.

"आधी हे सांगा, तुम्ही सध्या कुठल्या पक्षात?"

उमेदवाराने खाली मान घालून गळ्यातल्या उपरण्याकडे पाहिलं आणि मग पक्षाचं नाव सांगितलं. नानांनी खोडलं, लिहिलं. त्यानंतर पाऊण तास त्यांनी त्या गृहस्थाला त्याच्याच पक्षाची घटना, पक्षांतरबंदीचं दहावं परिशिष्ट आणि बिहारमधली परिस्थिती समजावून दिली. ढोलवाले जिन्यात बसून वडापाव खाऊ लागले. काकूंचा पाण्याचा प्रश्न दोनदा वर आला आणि दोनदा नानांनीच "थांब गं, महत्त्वाचं चाललंय" म्हणत खाली दाबला. शेवटी उमेदवार घामाघूम होऊन हात जोडत म्हणाला, "काका, तुमचा एवढा अभ्यास आहे, तर तुम्ही स्वतःच का नाही उभे राहत?"

नानांनी त्याच्याकडे असं पाहिलं, जणू त्याने बँकेत येऊन बँकच मागितली.

"आणि चुकून निवडून आलो तर?" ते म्हणाले. "मग मी शिव्या कुणाला द्यायच्या?"