वजनदार उमेदवारांनी शिंगणापूरला यावे

ज्यांचं वजन तीन आकडी आहे आणि ज्यांच्या डोक्यात नुकतंच ट्रायथलॉनचं खूळ शिरलंय, त्यांनी यंदा गोव्याला जाऊ नये. तिथल्या आयर्नमॅन ७०.३ मध्ये समुद्रात १.९ किलोमीटर पोहायचं, मग ९० किलोमीटर सायकल मारायची, मग २१.१ किलोमीटर धावायचं आणि हे सगळं साधारण साडेआठ तासांत उरकायचं. वर किनाऱ्यावर चहूकडे सपाट पोटांची माणसं. अशा ठिकाणी पदार्पण करणं म्हणजे हौसेनं अपमान विकत घेणं. त्यापेक्षा शनिशिंगणापूरला यावं. सगळी सोय आहे, फक्त गळ्यात पदक घालत नाहीत.

त्यातही करायचं तर ऑफ-रोड. हा प्रकार १९९६ मध्ये हवाईतल्या माउई बेटावर सुरू झाला आणि पुढे एक्सटेरा या नावानं गाजला. डांबर सोडून दगडधोंड्यांतून, चिखलातून सायकल हाणायची आणि तसल्याच वाटेनं पळायचं. त्यासाठी त्या बिचाऱ्यांना जंगलात शिरावं लागलं. आमच्या नगर जिल्ह्यात (आता अहिल्यानगर म्हणायचं) ते काम रस्त्यानंच करून ठेवलंय. शिर्डीहून निघा, नगर-मनमाड महामार्गानं राहुरीपर्यंत या, तिथून सोनईवरून शिंगणापूर. सत्तरेक किलोमीटर होतात. या महामार्गाची दुरुस्ती इतकी वर्षं चालू आहे की डोंगरी सायकलवाल्याला माहेरी आल्यासारखं वाटतं. उगाच वेगळा ट्रॅक बांधायचा खर्च नाही.

पोहायला मुळा धरण. साठवण २६ टीएमसी, तेव्हा कितीही जाडजूड माणूस उतरला तरी पाणलोटात घबराट व्हायचं कारण नाही. तारीख मात्र पाटबंधारे खात्याला विचारून घ्यावी. नेमका त्याच दिवशी समन्यायी वाटपाचा आदेश येऊन जायकवाडीला पाणी सुटलं, तर स्पर्धक मुळेतून प्रवरेत, प्रवरेतून गोदावरीत आणि तिथून थेट जायकवाडीच्या नाथसागरात. वेळ झकास लागेल, पण विजेता मराठवाड्याच्या हिशेबात धरला जाईल आणि त्याला परत मिळवण्यासाठी आमचे पुढारी कोर्टात जातील. कालव्यात पोहायचं असेल तर आवर्तन सुटलेलं हवं. ते नसेल तर पोहण्याचा टप्पा चालत पार करावा. जाड्या माणसाला हे मनातून आवडेलच.

आता दैवताचं. व्यायामशाळेत मारुतीची तसबीर असते. त्यानं एका उडीत समुद्र ओलांडला. पहिल्याच चढाला धापा टाकणाऱ्याला त्या आदर्शाचा काय उपयोग? आपला देव शनी. खगोलशास्त्र काढून बघा. मधल्या भागात हा ग्रह असा सुटलाय की विषुववृत्तावरचा त्याचा व्यास ध्रुवांकडच्या व्यासापेक्षा सुमारे अकरा टक्क्यांनी जास्त भरतो. भोवती कडी, म्हणजे आपल्या भाषेत टायर. वस्तुमान पृथ्वीच्या ९५ पट. सूर्याभोवतीच्या एका फेरीला त्याला साडेएकोणतीस वर्षं लागतात आणि कोणी घड्याळ दाखवत नाही. आणि एवढ्या देहाची घनता पाण्यापेक्षा कमी! मावेल असा हौद मिळाला तर शनी तरंगेल. चरबीही पाण्यापेक्षा हलकीच. शिडशिडीत पोरगा पाय बुडतात म्हणून तडफडत असतो, तेव्हा आपण निवांत तरंगत असतो. पुढे सरकत नाही, हा भाग वेगळा.

वजन का वाढलं, असं विचारलं की आमच्याकडे साडेसातीवर ढकलायची पद्धत आहे. एका वेळी साडेसाती तीन राशींना असते; पोटं बाराही राशींची सुटलीत.

पोहून बाहेर आलं की सायकल घ्यायची जागा, तिला ट्रान्झिशन म्हणतात. इतरत्र तिथं कडेकोट पहारा, कारण एकेक सायकल लाखाच्या घरातली. शिंगणापुरात घरांना दारंच नाहीत, चौकटी आहेत. युको बँकेनं २०११ मध्ये इथं कुलूप नसलेली शाखा उघडली. सायकल खुशाल उभी करून जावी. २०१५ मध्ये गावात पोलीस ठाणंही झालंय. श्रद्धा आपल्या जागी, पंचनामा आपल्या जागी.

सायकलच्या टप्प्यात वेगाचा सराव करून घ्यायला लटकू आहेत. बाहेरगावची गाडी दिसली की ही कमिशनवाली मंडळी मोटारसायकलवरून पाठीमागे लागतात: ‘इकडं पार्किंग, साहेब’, ‘ताट इथूनच घ्या’. कारवाया होतात, बातम्या छापून येतात, आणि पुढच्या शनिवारी पुन्हा शिट्टी. पण न्याय करायचा तर, शहरातल्या महागड्या प्रशिक्षकाला जो वेग आपल्या पायांतून काढता आला नाही, तो लटकू फुकटात काढतो.

पोहून ओल्या कपड्यांनी पुढचा टप्पा गाठायचा, हा नियम इथं परदेशातून आलेला नाही. पूर्वी पुरुषांनी आंघोळ करून ओलेत्यानंच शनीच्या चौथऱ्यावर जायचं, अशी रीत होती. महिला गट तेवढा उशिरा खुला झाला: ८ एप्रिल २०१६, गुढीपाडवा. पात्रता फेऱ्या दोन, एक आंदोलनाची आणि दुसरी मुंबई उच्च न्यायालयाची. इतकी अवघड पात्रता हवाईतसुद्धा नाही.

ओल्या कपड्यांवरून एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण सडपातळ लोकांनी लिहिलेल्या पुस्तकांत ती पानाच्या तळाशी असते. नवशिक्या जाड्याचा शत्रू चढ नव्हे, जांघ. ओली चड्डी, घामाचं मीठ आणि एकमेकींना न सोडणाऱ्या दोन मांड्या. तिसऱ्या किलोमीटरला चुरचुरतं, पाचव्याला आग होते, मग माणूस पाय फाकून असा चालायला लागतो की बघणारे आपणहून वाट देतात. पावडरीचा लगदा होतो. व्हॅसलीन लागतं, भरपूर, लाज न बाळगता, आणि पाण्यात उतरायच्या आधी. देवाच्या तेलाकडे बघू नये. तिथं मार्च २०२५ पासून सुटं तेल बंद होऊन ब्रँडेड तेल आलं, शनीच्या शिळेची झीज होऊ नये म्हणून. देवाची झीज टाळायला ठराव होऊ शकतो, तर आपल्या मांडीसाठी एक डबी घ्यायला काय हरकत आहे?

धावणं. उन्हाळ्यात तापलेल्या फरशीवर अनवाणी धावलात तर जन्मातला सर्वोत्तम वेग लागतो. पावसाळ्यात शेताच्या बांधावरून पळावं. काळी माती बुटाला अशी धरते की शंभर पावलांत पायाखाली आणखी एकेक बूट तयार होतो, आणि तो खरवडायला थांबलं की बाभळीचा काटा वाट बघतच असतो. सायकल हलकी व्हावी म्हणून दोनशे ग्रॅमसाठी वीस हजार मोजणाऱ्यानं ही माती एकदा वजनकाट्यावर ठेवून बघावी.

मग रसवंती. लाकडी घाण्याला जुंपलेला बैल तिथं संथ फेऱ्या मारत असतो. घड्याळ नाही, ॲप नाही, कोणाला मागं टाकायचं नाही. सगळ्या नवशिक्यांनी तालीम त्याच्याकडे घ्यावी. चिखलानं माखलेला, घट्ट रंगीत कपड्यांतला देह बाकड्यावर टेकला की रसवाला ग्लास पुढे करत विचारतो, ‘नवस होता का?’ हो म्हणावं. स्वतःच्या खिशातले हजारो रुपये भरून, कुणी न सांगता हे केलंय, हे त्याला पटवणं स्पर्धेपेक्षा अवघड.

या मोसमात कुठंही स्पर्धा भरवणाऱ्यांना एकच विनंती. पहिला आला की मांडव भरलेला असतो, फोटो निघतात, केळी असतात. शेवटचा येतो तेव्हा पोरं टेबलं टेम्पोत चढवत असतात आणि पाण्याचे जार उपडे पडलेले असतात. तीच वाट, तेच ऊन, पायावर वेळ मात्र दुप्पट. पाणी खरं तर त्यालाच जास्त लागतं. तो येईपर्यंत टेबल उचलू नका. प्रवेश फी त्यानंही पूर्ण भरलेली असते.