महागाईचे जाहीर आभार

बहिणीला दरमहा दीड हजार द्यायचे आणि महागाईही आवरायची, हे एकाच अर्थसंकल्पात कसं बसवणार, ही काळजी अर्थतज्ज्ञांनी सोडून द्यावी. महाराष्ट्राने ते बसवलं आहे.

जुलै २०२४ पासून लाडक्या बहिणीचे १,५०० सुरू झाले. सप्टेंबरात केंद्राने कच्च्या खाद्यतेलाच्या आयातीवर २० टक्के मूळ शुल्क लावलं. जानेवारीत एसटीचं भाडं १४.९५ टक्क्यांनी वाढलं. पण बहिणींना तिकीट निम्मं, म्हणून वाढही निम्मीच. सख्खा भाऊ एवढा हिशेब ठेवत नाही.

निवडणुकीत कबूल केलेले २,१०० मार्च २०२५ च्या अर्थसंकल्पात आले नाहीत, त्यातही दूरदृष्टीच होती. जादा सहाशे हाती पडले असते, तर बहिणीने सुकं खोबरं घेतलं असतं आणि खोबरं कडाडलं असतं. शिवाय आकडा तोच ठेवला की महागाई दरवर्षी त्यातलं थोडं थोडं स्वतःच कापून नेते. जीआर नको, मोर्चा नाही, विरोधकांचा सभात्यागही नाही. असा निष्ठावान कर्मचारी वित्त खात्याला बिनपगारी मिळाला आहे.

आता एकच सुधारणा सुचवतो. हप्ता थेट वाण्याच्या खात्यात जमा करावा. केवायसीची रांग टळेल, बँकेतला खेटा वाचेल. बहिणीला फक्त एसएमएस यावा: ‘आपले १,५०० रुपये येऊन गेले. उरलेले ६२ रुपये दुकानात भरावेत. आपलाच, भाऊ.’