कृषिदूत आले दारी

आमच्या गावाला वर्षातून एकदा दूत येतात. पूर्वी यमाचे येत, हल्ली कृषीचे येतात. बी.एस्सी. अ‍ॅग्रीच्या शेवटच्या वर्षी पोरांना खेड्यात राहून ‘ग्रामीण कृषी कार्यानुभव’ घ्यावा लागतो. पोरांच्या भाषेत ‘रावे’. त्यात मुलगा असेल तर तो कृषिदूत, मुलगी असेल तर कृषिकन्या. हुद्दा मुलाला आणि नातं मुलीला, ही वाटणी कोणत्या अभ्यास मंडळाने केली, देव जाणे.

यंदा अण्णांच्या ओट्यावर पाच दूत उतरले. पाचही शेतकऱ्यांचीच पोरं. प्रवेशाच्या यादीत सातबाऱ्याला जादा गुण असतात, म्हणून प्रत्येकाच्या बापाने उतारा काढून दिलेला. सातबाऱ्याचे उपयोग तीन : पीककर्ज, भावकीचा दावा आणि अ‍ॅग्रीचा प्रवेश. हमखास फायदा तिसऱ्यातच. एकदा प्रवेश मिळाला की पोरगं सातबाऱ्यातून सुटतं.

पहिल्या दिवशी माती परीक्षण. दूतांनी रानात नागमोडी फिरत ‘व्ही’ आकाराचे आठ-दहा खड्डे घेतले. माती एकत्र कालवली, ढिगाचे चार भाग केले, समोरासमोरचे दोन टाकले. उरलेल्याचे पुन्हा चार, पुन्हा दोन टाकले. असं अर्धा किलो उरेपर्यंत. अण्णा म्हणाले, “आमच्या आबांनी जमिनीचं हेच केलं. फक्त टाकलं न्हाई, भावकीत वाटलं.” राज्यात १९७०-७१ साली एका खातेदाराच्या वाट्याला सरासरी ४.२८ हेक्टर जमीन होती, २०१५-१६ साली १.३४ उरली. मातीचा नमुना निदान अर्ध्या किलोवर थांबतो.

दुसऱ्या दिवशी बोर्डो मिश्रण. एक किलो मोरचूद, एक किलो चुना, शंभर लिटर पाणी. पाठांतर चोख, पण चुना शिळा निघाला. बुडवलेला विळा तांबूस होऊन वर आला. गेली वीस वर्षं डाळिंबावर बोर्डो मारणाऱ्या अण्णांनी गुपचूप दोन मुठी चुना वाढवला आणि विळा पुन्हा बुडवून दाखवला. मग बॅनर लागला, मोबाइल सरसावला. “अण्णा, जरा काहीच माहीत नसल्यासारखं बघा ना, फोटो घ्यायचाय.” अण्णांनी बघितलं. पन्नास वर्षं सरकारी योजना ऐकून तो चेहरा त्यांना जमतो. परवाच्या पेपरात बातमी होती : ‘कृषिदूतांनी दिले शेतकऱ्यास बोर्डो मिश्रणाचे धडे’.

रात्री भाकरी खाताना अण्णांनी विचारलं, “पुढं काय?” एक जण एमपीएससी करणार, फौजदार व्हायचंय. दुसऱ्याला बँकेत कृषी अधिकारी व्हायचंय. तिसरा खत कंपनीत, चौथा कृषी सेवा केंद्र टाकणार. पाचवा हळूच म्हणाला, “मी शेती करणार.” चौघं त्याच्याकडे असं बघायला लागले, जणू तो नापास झालाय. अण्णाच कळवळले : “असं चारचौघांत बोलू नको बाबा, पोरगी मिळायची न्हाई.”

राहुरीच्या विद्यापीठाला ज्यांचं नाव आहे त्या महात्मा फुल्यांनी १८८३ साली ‘शेतकऱ्याचा आसूड’मध्ये सुचवलं होतं, की सरकारने लष्कर आणि पोलिसांकडून जागोजागी बंधारे घालून घ्यावेत, म्हणजे पावसाचं पाणी शेतात मुरेल. सूचना अर्धी अमलात आली म्हणायची. पोलीस शेतावर आले नाहीत, शेतावरची पोरं पोलिसात गेली.

तरी विद्यापीठांना नावं ठेवू नयेत. राहुरी, अकोला, परभणी, दापोली, चौघांनीही पिकांची वाणं भरपूर दिली. पण शेतातून उपटून शहरात लावलं तरी जगेल असं वाण एकच : शेतकऱ्याचं शिकलेलं पोर. त्याची मात्र कुठे शिफारस छापलेली नाही.

दूत गेले. नंतर मातीचा अहवाल आला. सेंद्रिय कर्ब कमी, भरपूर शेणखत घाला. अण्णांनी तो वाचून खुंटीला अडकवला. गोठ्यातल्या दोन्ही म्हशी त्यांनी उन्हाळ्यातच विकल्या होत्या. धाकट्याची फी भरायची होती. धाकटा अ‍ॅग्रीच्या तिसऱ्या वर्षाला आहे.