मसोत्याची नेमणूक

महसूल खात्यात तेहेतीस वर्षे कारकुनी करून अब्रूनिशी निवृत्त झालेल्या गृहस्थाने उर्वरित आयुष्य हरिस्मरणात, नातवंडांच्या सहवासात, किंवा निदान वर्तमानपत्री अग्रलेखांतले दोष काढण्यात घालवावे असा शिष्टसंमत रिवाज असताना, मी सुईदोरा हाती घेऊन गरम भांडी उतरवण्याचे मसोते शिवावयास का बसलो, याचा खुलासा करणे मला प्राप्त आहे.

कापडाविषयी मला पूर्वापार आदर. आमच्या कचेरीचे सारे दप्तर चौकोनी फडक्यांत, म्हणजे रुमालांत, बांधलेले असे. फार काय, पुण्याच्या पेशवे दप्तरातील मोडी कागदही रुमालांतच नांदत आले, आणि गो. स. सरदेसाई यांनी १९३० ते १९३४ या अवधीत त्यांतील निवडक कागद ४५ खंडांत छापून काढले, तेव्हा विद्वज्जनांनी कागदांचा जयजयकार केला. परंतु इतकी वर्षे धूळ अंगावर घेऊन ते कागद ज्यांनी पोटाशी धरले, त्या फडक्यांचा कोणी नामोल्लेखही केला नाही.

घरातही कापडाची चाकरी अशीच मुकाट चालते. आईचे नऊवारी लुगडे प्रथम सणावारी निघे, मग रोजच्या वापरात रुजू होई, विरले की त्याची बदली गोधडीत होई, गोधडीतून उरलेला तुकडा मसोते होऊन चुलीपाशी हजर राही, आणि अखेर पोतेऱ्याच्या हुद्द्यावर असतानाच देह ठेवी; निवृत्तिवेतनाची भानगड नाही. कृष्णाच्या बोटाला बांधायला सुभद्रेच्या घरी शालू-पैठण्यांच्या ढिगात एक चिंधी मिळाली नाही, अशी कथा सांगतात. आमच्या घरी ती अडचण आली नसती. आमच्याकडे शालू मिळाला नसता.

प्रकरणाला तोंड फुटले ते तव्यामुळे. सौभाग्यवती देवापुढे दिवा लावीत असताना तवा उतरवण्याची कामगिरी मी आपण होऊन पत्करली आणि ओट्यावरचे ओले मसोते घेऊन त्याची दांडी धरली. कोरड्या सुताच्या पदरांत हवा कोंडलेली असते आणि ती उष्णतेची वाट अडवते; फडके भिजले की त्या हवेच्या जागी पाणी येते, आणि पाणी हवेच्या वीसपटींहून अधिक वेगाने उष्णता वाहून नेते, हे शास्त्र मी नंतर वाचले. त्या क्षणी माझ्या बोटांना ते तोंडपाठ झाले होते.

मग मी ठरवले की या पदावर उमेदवार नेमायचा तो रीतसर, जाड आणि कायम.

"अहो, सांडशी आहे ना!" असा आक्षेप आला. तो मी सविस्तर खोडून काढला. सांडशी पातेल्याचा काठ पकडते हे मान्य. पण कढईला दोन कान असतात आणि दोन्ही एकाच वेळी धरावे लागतात, तेथे सांडशीचे काय चालणार? उत्तर आले नाही, हीच मी मंजुरी समजलो.

चिंध्यांचे बोचके उघडले. त्यातला चिरंजीवांच्या विजारीचा एक झुळझुळीत तुकडा मला फार आवडला होता. तो टेरिलीनचा असून तापल्यावर वितळून हाताला चिकटेल, असे सांगून सौभाग्यवतींनी तो काढून घेतला. तेव्हा दोन्ही बाजूंस माझ्या जुन्या धोतराचे दोन-दोन पदर, मध्ये कांबळ्याचा तुकडा, आकार वीतभर चौकोनी, कडेने लाल गोट आणि कोपऱ्यात खुंटीला अडकवण्यासाठी फासा, असा तपशील कायम झाला. पायमशीन चालवून पाहिले. परंतु त्याचे चाक पुढे फिरवायचे असते आणि माझ्या पायांना ते मागेच न्यावेसे वाटे, त्यामुळे दर चार टाक्यांनी दोरा तुटे व कापडाच्या खालच्या अंगाला शेवयांसारखा गुंता निघे. म्हणून हातानेच धावदोरा घातला. कांबळ्यातून सुई पार करणे हे काही अर्जावर शेरा मारण्याइतके सोपे नव्हे: ती निम्मी आत जाऊन थबकते, मागून अंगुस्तानाने रेटावी तर वाकते, पुढून ओढावी तर बोटांतून निसटते. दिवसाला एक बाजू, या हिशेबाने चार दिवस लागले. पाचव्या दिवशी मसोते मी स्वयंपाकघरात समारंभाने दाखल केले.

सौभाग्यवतींनी ते उलटेसुलटे पाहिले. "छान शिवलंय," त्या म्हणाल्या. "पण पाकिटात सात सुया होत्या. आता सहाच आहेत."

घरभर शोध झाला. सतरंजी झटकली, माझे धोतर झटकले, मलाही थोडे झटकण्यात आले. सुई मिळेना. शेवटी सर्वांची दृष्टी मसोत्यावर खिळली. मी ते चारही कोपऱ्यांनी दाबून पाहिले. काही टोचले नाही.

"आत सुई नाही ना?"

"नसावी."

"तसं लिहून देता?"

तेहेतीस वर्षांत न पाहिलेल्या गोष्टीखाली मी कधी सही केलेली नाही. मी गप्प राहिलो. उसवून पाहावे, असाही ठराव पुढे आला. परंतु चार दिवसांची शिवण केवळ संशयावरून रद्द करणे मला नियमबाह्य वाटले. अखेर मी ते मसोते लाल रुमालात बांधले, वर 'चौकशी प्रलंबित' अशी चिठ्ठी लावली आणि कपाटावर ठेवून दिले. कढई पूर्वीच्याच चिंधीने उतरते.

सुई अद्याप मिळालेली नाही.