नातीसाठी

मुलांच्या पुस्तकाचं प्रकाशन असलं की आमच्या ऑफिसातून मला पाठवतात. मोठ्यांच्या पुस्तकांना वरिष्ठ जातात, कारण तिथे वाद होतात. मुलांच्या पुस्तकाला नुसता बटाटेवडा असतो. अशा वीस-पंचवीस वड्यांनंतर माझ्या लक्षात आलं, की व्यासपीठावरची माणसं बदलतात, पुस्तक बदलतं, शाळेच्या बसमध्ये भरून आणलेली मुलंही बदलतात. सतरंजीवरच्या बेबीमावशी मात्र बदलत नाहीत.

सतरंजी मुलांसाठी असते आणि मावशींनी पासष्टी ओलांडली आहे. गुडघे त्यांच्याहून दहा वर्षांनी थोरले. तरी त्या मुलांच्या मधोमध मांडी ठोकून बसतात. ‘‘खुर्चीवरून चित्रं दिसत नाहीत रे,’’ म्हणतात. उठताना त्यांना चौथीतली दोन पोरं लागतात. त्यांचं खरं नाव मला अजून कळलेलं नाही. त्यांच्या पिढीत शेंडेफळाला बेबी म्हणायची पद्धत होती. म्हणणारे गेले, बेबी राहिली.

पाहुण्यांनी ‘बालमित्रांनो’ असा सूर लावला की मावशी पिशवीतून पेन काढतात. निमंत्रणपत्रिकेच्या पाठीवर तीन रकाने आखलेले असतात: संस्कार, मोबाइल, आमच्या वेळी. शब्द आला की रेघ. चार रेघांवर पाचवी आडवी, दूधवाल्याच्या हिशेबासारखी. पूर्वी ‘श्यामची आई’चाही रकाना होता, पण त्यात सगळ्यांनाच पैकीच्या पैकी पडायला लागले, म्हणून तो बंद केला. ‘‘पुस्तक थोरच आहे, मी काय नाही म्हणतेय का? पण ते १९३५ सालचं. आज जे आलंय त्याचं नाव तरी घ्या की मेल्यांनो!’’ हे त्या माझ्या कानात सांगतात. मावशींची कानातली कुजबुज तिसऱ्या रांगेपर्यंत जाते.

एकदा असेच एक पाहुणे भरात येऊन म्हणाले, ‘‘पण आज मराठीत मुलांसाठी लिहितंय कोण?’’ ज्या बाईंचं पुस्तक प्रकाशित व्हायचं होतं, त्या शेजारच्याच खुर्चीत बसल्या होत्या. सवाल उत्तरासाठी केलेला नव्हता, पण मावशींनी तो मनावर घेतला. ‘‘अहो, उदगीरच्या संमेलनाचे अध्यक्ष भरत सासणे लिहितात. त्यांच्या ‘समशेर आणि भूतबंगला’ला २०२४ चा साहित्य अकादमीचा बाल साहित्य पुरस्कार आहे. त्याआधी एकनाथ आव्हाड, त्याआधी संगीता बर्वेंची ‘पियूची वही’. पंचवीस सालचा तर सुरेश सावंतांच्या ‘आभाळमाया’ला, कविता आहेत. तुम्ही यातलं काय काय वाचलंत?’’ पाहुण्यांनी पाणी मागितलं. मुलांनी टाळ्या वाजवल्या. सकाळपासून पहिल्यांदाच, शाळेच्या बाईंनी खूण न करता.

मावशींचा दुसरा ठरलेला प्रश्न म्हणजे ‘‘चित्रं कुणाची?’’ शाल-श्रीफळ उरकत आलं की त्या सतरंजीवरून हे विचारतात. चित्रकार बहुधा पाचव्या रांगेत खांबाआड असतो. मग त्याला शोधणं, वर आणणं, एक श्रीफळ कमी पडणं, अध्यक्षांनी स्वतःचं मोठ्या मनानं देऊ करणं. माधुरी पुरंदरे त्यांना फार आवडतात, त्यात हाही एक हिशेब आहे: लिहिणारी आणि चित्रं काढणारी एकाच खुर्चीत बसते, नारळ एकच पुरतो. पराग उपक्रमाचा बिग लिटल बुक पुरस्कार २०१६ मध्ये पहिल्यांदा दिला गेला, तेव्हा लेखनाचा मिळाला तो पुरंदऱ्यांना, हे सांगताना मावशींचा चेहरा असा होतो, की बघणाऱ्याला वाटावं नाव यांनीच सुचवलं होतं.

त्यांच्याबरोबर अप्पा बळवंत चौकात जाण्याचा योग मला एकदाच आला. एकदाच पुरला. ‘‘मुलांसाठी नवीन काय आलंय?’’ दुकानातल्या पोरानं अकबर-बिरबल समोर ठेवला.

‘‘हे नवीन?’’

‘‘कव्हर नवीन आहे, काकू.’’

मग इसापनीती, मग ‘पाढे पाठ करा’, मग हस्ताक्षर सुधारण्याची वही. शेजारी एक गृहस्थ चित्रांचं एक पुस्तक उलटंपालटं करत होते. ‘‘दीडशे रुपये? आणि पानं फक्त बत्तीस?’’ मावशी त्यांच्याकडे वळल्या. ‘‘पानं मोजून घ्यायला ती काय मेथीची जुडी आहे?’’ गृहस्थांनी पुस्तक घेतलं. पटलं म्हणून नव्हे. मला वाटतं, घाबरून.

तेरा-चौदा वर्षांच्या मुलांसाठी काही मागितलं तेव्हा तर त्या पोराला विनोदच वाटला. त्याच्या दुकानात बालसाहित्याचं कपाट संपलं की ‘मृत्युंजय’ आणि त्याला लागूनच स्पर्धा परीक्षा. ‘‘म्हणजे पोरानं फास्टर फेणे खाली ठेवला की लगेच कर्ण हातात घ्यायचा आणि मग तलाठी व्हायचं,’’ मावशी म्हणाल्या. ‘‘मधली पाच वर्षं कुठं काढायची त्यानं?’’ हे बाकी मला पटलं. माझी मी क्लासच्या नोट्समध्ये काढली होती.

पुस्तक पारखायची त्यांची स्वतंत्र कसोटी आहे. दुकानात त्या ते फरशीवर उताणं उघडून ठेवतात. आपोआप मिटलं तर नापास. मुलं पालथी पडून वाचतात, दोन्ही हात हनुवटीखाली. मग पान धरणार कोण? ही कसोटी घरी स्वतःवर करून करून त्यांच्या मानेला पट्टा आला आहे.

वाढदिवसाला मावशी आल्या की सोसायटीतल्या पोरांचे चेहरे पडतात, असं त्याच सांगतात. चपटं पार्सल आहे म्हणजे आत काय, ते न उघडताच कळतं. पण मावशी ते देतच नाहीत. कोपऱ्यातल्या खुर्चीत बसून स्वतःच कागद सोडतात, वाचायला लागतात, खुदखुदतात. उत्सवमूर्ती दोन फुगे फोडून जवळ येते. ‘‘मावशी, ते माझं आहे ना?’’

‘‘थांब रे, माझं व्हायचंय अजून.’’

केक कापेपर्यंत हिसकाहिसकी सुरू झालेली असते. वाचनसंस्कृतीवरच्या सगळ्या परिसंवादांची मी बातमी केली आहे. इतका स्वस्त उपाय एकाही परिसंवादात ऐकला नाही.

एवढी पुस्तकं कुणासाठी, असं विचारलं की उत्तर एकच: ‘‘नातीसाठी.’’ पहिल्यांदा भेटलो तेव्हा हातात ‘राधाचं घर’ होतं आणि नात चार वर्षांची होती. पुढच्या महिन्यात त्यांनी ‘पियूची वही’ घेतली, तेव्हा नात दहा वर्षांची झाली होती. दिवाळीत ‘किशोर’चा अंक घेतला तेव्हा ती बारा वर्षांची होती, आणि जानेवारीत, मोठ्या अक्षरांचं एक गुळगुळीत पुस्तक निघालं तेव्हा, पुन्हा तीन. एखादीला तीन-चार नाती असतील, असं म्हणून मी गप्प बसलो. मग एका समारंभात वडा खाता खाता मावशींनी विचारलं, ‘‘तुमच्या ऑफिसात एखादी चांगली मुलगी आहे का रे? आमच्या चिरंजीवांना बघतोय. एकुलता एक आहे, अडतिसावं लागलंय.’’

मी दुसरा वडा घेतला.

त्यांची आणखी एक सवय सांगायची राहिली. लेखक स्वतःचं वाचायला लागला आणि एखादी जागा खरंच जमून गेली, तर सतरंजीवरून आवाज येतो: ट्टॉक! भा. रा. भागवतांच्या फुरसुंगीच्या बनेश फेणेकडून मावशींनी तो शाळेत असताना उसना घेतला आणि परत केला नाही. नव्या लेखकाला आधी वाटतं माइकमध्ये काही बिघडलं. जुने लेखक त्यासाठी थांबतात. तो न येता वाचन संपलं, की त्यांना शाल टोचायला लागते.

गेल्या महिन्यात एका तरुण मुलीची पहिली कादंबरी निघाली, सातवी-आठवीच्या पोरींची. तिनं दोन पानं वाचली. तेवढ्यात तीन ट्टॉक झाले. हा माझ्या माहितीतला उच्चांक. नंतर सहीसाठी रांग लागली. पुढे सगळ्या दोन वेण्यांच्या पोरी, मागे मावशी, मानेला पट्टा, हातात पुस्तक, एक बोट आत खुणेला. तेवढ्या वेळात बावीस पानं झाली होती.

‘‘कुणाच्या नावानं लिहू, आजी?’’

‘‘नातीच्या.’’

‘‘नाव काय तिचं?’’

मावशींनी माझ्याकडे पाहिलं. मी घाईघाईनं चटणी शोधायला लागलो.

‘‘बेबी,’’ त्या म्हणाल्या.

‘‘अय्या, गोड! कितवीत आहे?’’

मावशींनी पुस्तक उलटं करून मागचा मजकूर नीट वाचला. ‘‘सातवीत.’’