जादा पीएफ कापून घेणाऱ्यांसाठी पंचसूत्री

1 फेब्रुवारी 2021चा अर्थसंकल्प सादर झाला आणि "आता पीएफवरही कर!" ही बातमी ठाण्यात खोपट एसटी स्टँडबाहेर कटिंगसोबत फुकट मिळू लागली. ती ऐकून ज्यांचा चहा अजून घशाखाली उतरलेला नाही, त्यांनी पुढील सूत्रं पाळावीत.

1. आधी आपण श्रीमंत आहोत का, हे तपासावं. पगाराच्या स्लिपवरचा स्वतःचा पीएफ आणि व्हीपीएफ (म्हणजे स्वेच्छेनं कापून घेतलेला जादा पीएफ) यांची वर्षाची बेरीज करावी. कंपनीचा वाटा धरून आकडा फुगवू नये. बेरीज अडीच लाखांच्या आत आली, तर कर नाही. लागतो तो फक्त अपमान. नुसत्या 12 टक्के कपातीवर ही रेघ ओलांडायला बेसिक महिना पावणेदोन लाखांच्या घरात लागतो.

2. घाबरायचंच तर नेमकं घाबरावं. कर मुद्दलावर नाही, 31 मार्च 2021पर्यंतच्या शिलकीवरही नाही. त्यानंतर वर्षाला अडीच लाखांवर जे भराल, त्याच्या व्याजावर आहे. प्राप्तिकराच्या नियम 9डीने तुमच्या एकाच खात्याचे दोन भाग केलेत: एक सोवळ्यातला, एक ओवळ्यातला. ओवळ्यात गेलेली रक्कम परत सोवळ्यात येत नाही. तिच्या व्याजावर दरवर्षी कर.

3. हिशेब कागदावर करावा, कट्ट्यावर नव्हे. वर्षाला तीन लाख भरले, तर 50,000 ओवळ्यात. 2024-25च्या 8.25 टक्के दराने त्यावर पूर्ण वर्षाचं व्याज 4,125. तीस टक्क्यांच्या स्लॅबमध्ये सेससकट कर 1,287 रुपये. झोप किती उडवायची, ते या आकड्यावरून ठरवावं.

4. टीडीएस कापला नाही म्हणून पेढे वाटू नयेत. 2024-25मध्ये करपात्र व्याज 5,000वर गेलं तरच तो कापायचे. आपले 4,125 रिटर्नमध्ये 'इतर उत्पन्ना'त गुपचूप दाखवावेत. "पैसे निवृत्तीला मिळणार, मग कर आत्ता का?" हे विचारायला रिक्षा करून वागळे इस्टेटच्या पीएफ ऑफिसात जाऊ नये. कायदे तिथे होत नाहीत.

5. तरीही राग शमला नाही, तर एचआरला मेल टाकून व्हीपीएफ बंद करावा आणि ते पैसे एफडीत ठेवावेत. एफडीचं व्याजही करपात्रच असतं, हे यथावकाश कळेल. ओवळ्या पीएफवर मात्र कर जाऊनही साडेपाच टक्क्यांहून जास्तच सुटत होते. मग पुढच्या एप्रिलात एचआरला दुसरी मेल टाकावी. तीत पहिल्या मेलचा उल्लेख टाळावा.