यंदा आपल्याकडे काही नाही

डिसेंबर लागला की आमच्या वसईत माणसाला आनंदी होण्याची नोटीस येते. ती पोस्टाने येत नाही. कुणाच्या तरी अंगणात बांबूच्या टोकावर पहिला कागदी तारा पेटतो आणि अख्ख्या वाडीला कळतं, की आता पंचवीस तारखेपर्यंत कुरकुर बंद. मग सुरूच्या फांद्या येतात. सुरू हे झाड मुळात ऑस्ट्रेलिया आणि आग्नेय आशियाकडचं. आमच्या किनाऱ्यावर ते वाळू धरून ठेवायला लावलेलं. पण डिसेंबरात त्याला दिवाणखान्याच्या कोपऱ्यात पाइन म्हणून उभं राहावं लागतं आणि दुपारच्या तीस अंशांत अंगावर कापसाचा बर्फ वागवावा लागतो. त्याने आजवर तक्रार केलेली नाही. 2020 साली मी त्याच्याकडे जरा आपुलकीने पाहिलं. त्या वर्षी सगळं बंद होतं आणि आम्ही सगळे सुरू होतो.

मार्चात लोकल थांबल्या तेव्हा आमच्याकडचा मोगरा दादरला जायचा राहिला. मोगऱ्याला टाळेबंदी समजत नाही. तो वेळेवर उमलत राहिला, आणि माणसं पहाटे उठून फुलं खुडून बांधावर टाकत राहिली, कारण खुडली नाहीत तर पुढचा बहर धरत नाही. सकाळभर वाडीला एखाद्या लग्नघरासारखा वास यायचा आणि लग्न कुठेच नसायचं. ऑक्टोबरपासून बायकांना अकरा ते तीन आणि संध्याकाळी सातनंतर लोकलने जायची मुभा मिळाली. पुरुषाला मात्र अत्यावश्यक सेवेत असल्याशिवाय डब्यात पाय टाकता येत नव्हता. मी अत्यावश्यक नाही असा संशय घरात पूर्वीपासून होताच. आता त्याला सरकारी दुजोरा मिळाला.

जुलैत वडील गेले. त्यांना पोचवायला किती माणसांनी यायचं हेही आदेशात लिहिलेलं होतं. आयुष्यभर प्रत्येकाच्या मयताला गेलेला माणूस. त्याच्या मयताला कुणी यायचं आणि कुणी घरून प्रार्थना करायची याची यादी मी करत बसलो होतो. डिसेंबरच्या पहिल्या रविवारी आईने चहा गाळता गाळता जाहीर केलं, "यंदा आपल्याकडे काही नाही."

यात वावगं काहीच नव्हतं. घरातून माणूस गेलं की त्या वर्षी तारा लागत नाही, तळणीची कढई चुलीवर चढत नाही. शेजारच्या हिंदू घरांतही दिवाळीला हेच असतं. जुन्या माणसांनी सणांच्या कॅलेंडरात दुःखासाठी ही रजा मुद्दाम राखून ठेवलेली आहे, आणि तीसुद्धा भरपगारी, कारण फराळ शेजारपाजाऱ्यांकडून घरपोच येतो. मला ही व्यवस्था फार शहाणपणाची वाटते. आनंदी राहण्याची सक्ती करणाऱ्या जगात 'यांना या वर्षी माफ आहे' असं अख्ख्या गावाने न बोलता ठरवणं, याहून मोठा शिष्टाचार मी पाहिलेला नाही.

पण रजा मिळाली की माणसाला ऑफिसची आठवण येते. पाच-सहा दिवसांत मला चोरून नाताळ वाटून घ्यावासा वाटू लागला. वाटेना. उत्साह आणि झोप ही एकाच कुळातली. बोलावली की येत नाहीत. शेवटी रात्री सगळे झोपल्यावर कानात वायरी घालून मी जिम रीव्ह्ज लावला. आमच्याकडे जिम रीव्ह्जशिवाय नाताळ कायदेशीर होत नाही. नाताळच्या बारा गाण्यांची त्याची रेकॉर्ड 1963 सालची. पुढच्याच वर्षी तो विमान अपघातात गेला, पण वसई, वांद्रे आणि गोवा या भागांत ती बातमी अजून पोचलेली नसावी; दर डिसेंबरात तो मखमली आवाजात खिडक्याखिडक्यांतून हजर असतो. त्या रात्री पहिल्यांदाच मी ही गाणी नुसती ऐकली, म्हणजे हातात केक किंवा शिडी नसताना. त्यातलं एक आहे 'ब्लू ख्रिसमस'. जवळचं माणूस सोबत नसलेल्या माणसाचं गाणं. लहानपणापासून आम्ही ते पताका लावताना म्हणत आलो! त्याच रेकॉर्डवर 'व्हाइट ख्रिसमस' आहे. ते लिहिणारा अर्व्हिंग बर्लिन हा ज्यू. त्याचा तीन आठवड्यांचा मुलगा 1928 साली नेमका पंचवीस डिसेंबरला गेला होता. पुढे हे गाणं 1942 मध्ये आलं आणि महायुद्धात घरापासून लांब पडलेल्या सैनिकांनी ते उचलून धरलं. म्हणजे ज्या सुरांवर आम्ही आजवर सुरूच्या झाडावर कापूस पसरला, ते सूर सगळे घरच्या आठवणीने व्याकूळ झालेल्या लोकांचे होते. मला एकदम बरं वाटलं. आपण सणाच्या बाहेर पडलेलो नाही, त्याच्या माजघरात आलो आहोत, असं काहीसं.

वाडीतल्या पोरांनी गोठा मात्र केला. गोठ्यातल्या गवतासाठी नाचणी आधीच पेरून ठेवावी लागते. पत्र्याच्या ट्रेमध्ये, ओल्या मातीत, सावलीला. ती आठ-दहा दिवसांत अशी दाट, पोपटी उगवते की बाकीचं जग कसं चाललंय याची तिला कोणी कल्पना दिलेली नाही हे लगेच लक्षात यावं. त्या वर्षी मेंढपाळांना मास्क होते. गव्हाणीच्या कडेला बोटभर उंचीची सॅनिटायझरची बाटली होती. आणि तीन राजे कुठेच दिसेनात. चौकशी केल्यावर एका मुलीने बुटांचं खोकं दाखवलं. राजे त्यात होते. "पूर्वेकडून आलेत ना, म्हणून चौदा दिवस वेगळे ठेवलेत," ती म्हणाली. मी हिशेब करून सांगितलं, की राजांचा सण सहा जानेवारीला, म्हणजे पंचवीसपासून बारावाच दिवस. दोन दिवस कमी पडतात. तिने माझ्याकडे दयेने पाहिलं. "म्हणून तर त्यांना तेवीसलाच आत घातलंय, काका." खोक्याला हवेसाठी पेनाने भोकं पाडलेली होती. उंटाला जागा नसल्यामुळे तो बाहेर, खोक्यावर पहारा देत उभा होता.

मध्यरात्रीची मिस्सा त्या वर्षी मध्यरात्री होणं शक्य नव्हतं. महापालिकांच्या हद्दीत बावीस तारखेपासून रात्री अकराची संचारबंदी लागली होती. त्यामुळे आमच्याकडे बाळ येशूला संध्याकाळीच जन्म घ्यावा लागला. एकट्या वसईतच असं झालं असं नव्हे. रोमला दहाची संचारबंदी होती आणि खुद्द पोपसाहेबांनी साडेसातला मिस्सा केली. येशू दोन तास आधी जन्मला तर त्यात पाखंड काही नाही, असा निर्वाळा इटलीच्या एका मंत्र्याने दिला होता. आमच्या वाडीतल्या सुईणपण केलेल्या एका आजीचं म्हणणं याहून रोकडं: "पहिलटकरणीचं कधी वेळेवर होतं का?"

मर्यादा पन्नास माणसांची, म्हणून वाडीवार नावं घेतलेली. साठीच्या वरच्यांनी घरीच थांबायचं होतं, तेव्हा आई मोबाइलवर. मी एका बाकावर एकटा. अशा मोकळ्या बाकावर बसलं की मन चर्चमध्ये राहत नाही. घंटा झाली आणि मला दुसऱ्याच घंटा आठवल्या. मे 1739 मध्ये चिमाजी अप्पांनी वसईचा किल्ला घेतला तेव्हा इथल्या चर्चच्या घंटा विजयाची खूण म्हणून देशावर गेल्या. नाशिकला नारोशंकराच्या देवळात एक आहे, भीमाशंकरला एक, वाईजवळ मेणवलीच्या घाटावर एक. मेणवलीच्या घंटेवर तर मारिया माता बाळाला घेऊन आहे. महादेवापुढे ती बिनतक्रार वाजते आहे. पण मला आठवण आली ती घंटांच्या मागे राहिलेल्यांची. त्या 1739 च्या डिसेंबरात, किल्ला पडलेला, घंटा गेलेल्या, अशा वसईत कुठल्या तरी आईने चूल सारवता सारवता म्हटलं असणारच, की यंदा आपल्याकडे काही नाही. मुंबईत 1896 च्या प्लेगात वांद्र्याला आणि गिरगावच्या खोताच्या वाडीत लोकांनी रोग टळावा म्हणून क्रूस उभारले, तिथेही एकीने म्हटलं असेल. ते क्रूस अजून आहेत. 2020 साली लोक पुन्हा त्यांच्यापुढे मेणबत्त्या लावू लागले तेव्हा त्यांना फारसं नवल वाटलं नसावं.

आता 'काही नाही' याचा पुढचा भाग सांगायला हवा. चोवीसला सकाळी मी उठलो तर स्वयंपाकघरात नारळाच्या दुधाचा वास. आई कुलकुल करत होती. मी नुसता बघत राहिलो तशी म्हणाली, "आपल्यासाठी नाही. पलीकडच्या मावशीसाठी. तिचा मुलगा मार्चपासून जहाजाच्या नोकरीवरून घरी बसलाय. ती कुठली करणार या वर्षी?"

कुलकुल ज्यांनी पाहिलेले नाहीत त्यांच्यासाठी: मैदा-रव्याच्या घट्ट पिठाची सुपारीएवढी गोळी घ्यायची, ती फणीच्या दातांवर अंगठ्याने दाबत पसरायची आणि तशीच गुंडाळत उचलायची. बारीक रेघांचा छोटा शंख तयार होतो. तो तळून साखरेच्या पाकात घोळायचा. यासाठी प्रत्येक घरात एक फणी वेगळी ठेवलेली असते, जिने कधी केस पाहिलेला नाही. आमच्या फणीचा मधला एक दात माझ्या जन्माआधीच पडलेला आहे. त्यामुळे आमच्या कुलकुलांवर रेघांच्या मध्ये एक रुंद पट्टा येतो, वाफ्यात पाट काढल्यासारखा. वडील पीठ तिंबायचे, कारण त्यांच्या मते आईच्या हाताला जोर नव्हता. आई त्या दिवशी मला काही म्हणाली नाही, नुसती परात माझ्यापुढे सरकवली. मी तिंबलं. "घट्ट झालं," ती म्हणाली. त्यांनाही ती दरवर्षी हेच म्हणायची.

पंचवीसला सकाळी मी डबा घेऊन मावशींच्या फाटकाशी गेलो. तेव्हाची रीत अशी की डबा खांबावर ठेवायचा, घंटी वाजवायची आणि सहा फूट मागे सरून चोरासारखं उभं राहायचं. मावशी बाहेर आल्या त्या हातात ताट घेऊनच. "मी तुमच्याकडेच यायला निघाले होते. तुमच्याकडे यंदा काही नसणार, म्हणून म्हटलं थोड्या नेवऱ्या कराव्यात." आमचं एकमेकांकडे बघणं मास्कच्या वरच्या बाजूने चाललं होतं, त्यामुळे कोण किती हसलं ते सांगता येत नाही.

दुपारपर्यंत लक्षात आलं की सगळीकडे हेच झालंय. स्वतःच्या घरी काही करायचं नाही हे प्रत्येकाने ठरवलेलं. कुणाकडे माणूस गेलेलं, कुणाची नोकरी, कुणाची फुलं बांधावर. आणि आपल्यापेक्षा शेजारी जास्त दुःखात आहे या खात्रीने प्रत्येकाने त्याच्यासाठी म्हणून घाणा काढलेला. दोदोल आलं, फुगे आले, डाळीच्या वड्या आल्या. वानोळा देणं सोपं, पण रिकामं ताट परत पाठवायचं नाही हा आमच्याकडचा अलिखित दंडक, त्यामुळे आलेल्या ताटात दुसरीकडून आलेलं घालून ते परत जाऊ लागलं. संध्याकाळपर्यंत वाडीतला माल असा फिरत होता की एखाद्या बँकेने तोंडात बोट घालावं. रात्री विहिरीकडच्या घरातल्या आत्यांचं ताट आलं. वरचा रुमाल काढला. नेवऱ्यांच्या शेजारी मूठभर कुलकुल, आणि प्रत्येकावर रेघांच्या मधोमध रुंद पट्टा.

आईने एक उचलून चावून पाहिला. "घट्टच झालंय," ती म्हणाली. पण आणखी एक घेतला.

एकतीसला दुपारी पोरं म्हातारा घेऊन आली. सरत्या वर्षाचा हा पेंढ्याचा म्हातारा, जुनी पँट, जुना शर्ट, त्या वर्षी तोंडाला मास्क. घरोघरी वर्गणी मागायची आणि मध्यरात्री जाळायचा, एरवी. या खेपेला अकराच्या आत उरकायचा होता. म्हणजे वर्ष संपायच्या आधीच त्याला पेटवायची परवानगी होती, आणि याबद्दल कुणाचीच हरकत नव्हती.

"काका, पन्नास."

"गेल्या वर्षी तर वीस दिले होते."

"गेल्या वर्षीचा म्हातारा हलका होता."

हे रास्त होतं. मी पैसे काढले. आतून आई म्हणाली, "अरे, त्यांना थोडे कुलकुल दे बांधून."

पोरं दोन पावलं मागे सरली. "नको आजी. सगळ्यांनी तेच दिलंय." मग त्यांच्यातली ती खोकेवाली मुलगी पुढे झाली आणि तिने कापडी पिशवीचं तोंड उघडून दाखवलं. पिशवी निम्मी भरलेली होती. "तुम्हीच घ्या हवं तर. हे बघा, यातले पट्टावाले तुमचेच आहेत."

आईने पिशवीत हात घालून ओंजळभर काढून घेतले, आणि पोरीला रिकाम्या हाती कसं पाठवायचं म्हणून डबे धुंडाळायला आत गेली.